वास आला तर सांगा

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या नाकावरचा रुमाल मागून घेतला, त्याची घडी केली आणि खिडकीच्या गजाला अडकवून ठेवला. मी त्या तालुक्याच्या दवाखान्याची नवी वैद्यकीय अधिकारी होते. रुमालावर अर्धी बाटली कोलनवॉटर ओतून मी आयुष्यातल्या पहिल्या पोस्टमार्टमला निघाले होते, आणि पन्नाशीकडे झुकलेला, खाकी शर्टाला कडक इस्त्री केलेला एक शिपाई मला सांगत होता,

"आवं डॉक्टर, रुमाल बांधला की वास रुमालात ऱ्हातोय. रुमाल तुमच्यासंगं घरी जातोय. मग जेवताना तुमी म्हननार, मढ्याचा वास येतोय. मढं हितंच असतंय, वास तुमीच न्हेलेला असतोय."

"मग काय करू?" मी चिडून विचारलं.

"काय न्हाई. दोन मिन्टं उभं ऱ्हावा. पोटभर वास घ्या. नाक नव्या रंगरुटावानी असतंय. आदी कुरकुर करतंय, मग गप कामाला लागतंय."

मी उभी राहिले. पहिल्या मिनिटात, आईवडिलांनी आपल्याला डॉक्टर का केलं असावं हा प्रश्न पडला. दुसऱ्या मिनिटात बाहेर चिंचेखाली जाऊन ओकले. तिसऱ्या मिनिटाला परत आत आले, तर ते तसेच उभे. "झालं आता," म्हणाले, "आता पुन्ना ओकनार न्हाई तुमी." आणि पुढची पाच वर्षं मी त्या खोलीत एकदाही ओकले नाही. हे मी अगदी मिरवून सांगते.

दवाखान्यात सगळ्या शिपायांना मामा म्हणायची पद्धत होती. यांना ते खपत नसे. फौजेच्या इस्पितळात अठरा वर्षं रुग्णसेवा करून नायक म्हणून निवृत्त झालेला माणूस. "मामा लग्नात असत्यात, नवरीच्या मागं," म्हणायचे. "हितं मी नायक." तेव्हा मीही त्यांना नायकच म्हणू लागले. खरं नाव सांगत नाही. त्यांच्या घरच्यांना ते नाव या कामाशी जोडलेलं नको होतं, आणि घरच्यांशी भांडण उकरून काढायचं आता माझं वय नाही.

घरचे उसाचे बागाईतदार, उंब्रजच्या अलीकडे नदीकाठाला, स्वतःचं गुऱ्हाळ असलेले. पेन्शन घेऊन आलेला भाऊ साखर कारखान्याच्या गेटावर उभा राहिला असता तर घराची मान वर झाली असती. या गृहस्थानं अर्ज करून, ओळखीपाळखी लावून पोस्टमार्टमच्या खोलीतली नोकरी मिळवली. लोक ती टाळायला वशिला लावतात, यांनी मिळवायला लावला. थोरल्या भावानं त्यांचं ताट वेगळं केलं, मग ते स्वतःच तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहिले. लग्न केलेलं नव्हतंच.

"वाटणीत काय आलं तुमच्या?" मी एकदा विचारलं.

"राख," म्हणाले, आणि खदाखदा हसले.

ते अक्षरशः खरं होतं. दर पंधरवड्याला सायकल मारत गुऱ्हाळावर जायचे, चुलवाणातली, म्हणजे रस उकळायच्या भट्टीतली, राख आणि कोळशाची पूड पोत्यात भरून आणायचे, धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळायचे आणि पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून ठेवायचे. थोरला भाऊ लांबून बघत असे. बोलत नसे, पण अडवतही नसे.

ती राख कशाला लागायची, हे सांगायला हवं. पोस्टमार्टमनंतर शरीराला जो वास येतो तो मरणाचा, असं सगळे धरून चालतात. तो मरणाचा नसतोच, निदान पहिले काही तास तरी नसतो. तो आम्ही उघडलेल्या आतड्यांचा असतो, पोटात साचू दिलेल्या रक्तापाण्याचा असतो, घाईनं घातलेल्या टाक्यांतून झिरपणाऱ्या ओलीचा असतो. तेव्हाची रीत अशी होती की सगळं परत आत कोंबायचं, दाभणानं सुतळीचे चारचार बोटांवर टाके मारायचे, वरून फिनेल ओतायचं, उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा पेटवायचा आणि नातेवाइकांना हाक मारायची. नायकांना ही रीत नुसती ऐकली तरी संताप यायचा.

"सुतळी पानी वढती, दिव्यातल्या वातीवानी. आतली वल भाईर येती," ते सांगायचे. "आन उदबत्तीनं काय हुतंय? वास जात न्हाई, वासाला जोडीदार मिळतोय. मग त्या घरात जलमभर देवाफुडं उदबत्ती लावली की मढं आठवतंय."

हे मला कुणी पटवून द्यायला नको होतं. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात एका पोस्टमार्टमनंतर शहाणपणानं मी मोठा मोगऱ्याचा गजरा माळून सांगलीला नवऱ्याकडे गेले होते. बिचारा खूश झाला. वाटेत एसटीतच मी तो काढून खिडकीबाहेर फेकला असता तर बरं झालं असतं. मी तो जेवता जेवता उठून केरात टाकला. पुढं दहाएक वर्षं मोगरा म्हटलं की मला ती खोलीच आठवे.

नायकांची पद्धत निराळी. माझं बघून, लिहून झालं की ते मला बाहेर काढायचे आणि दार लावून दोन-दोन तास आत असायचे. आतडी बांधून, धुऊन जागच्या जागी ठेवायची. पोट जुन्या धुतलेल्या धोतरानं टिपून ठणठणीत कोरडं करायचं. मग राख आणि कोळशाची पूड, वर कापडाच्या पट्ट्या. सुतळी नाहीच, दुहेरी सुती दोरा मेणातून ओढून घेतलेला, आणि टाके असे बारीक की मोजायला बसावं. त्यांची आई वाकळा शिवायची, जुन्या लुगड्यांच्या जाड गोधड्या, आणि टाका त्यांनी तिच्याकडून घेतला होता. शेवटी रिठ्याच्या पाण्यानं अंग, चिंचेच्या कोळानं नखं. मग दार उघडून उंबऱ्यात उभे राहायचे आणि जो दिसेल त्याला आत बोलवायचे. सिस्टर असो, हवालदार असो, दुधाचा रतीब घालणारा असो.

"या, या. वास आला तर सांगा."

हवालदार तर त्यांची चाहूल लागली की कागद भिंतीवर टेकवून लांबूनच माझी सही घेऊन पळत असे. शेवटी परीक्षक एकटी मीच उरले. मी मान हलवली की त्यांचा चेहरा असा खुलायचा की बघत राहावं. पास झालेलं पोर काय खुलेल!

त्यांच्या नाकाचे इतर उद्योगही होते. बाजारच्या दिवशी साबणाच्या दुकानात उभे राहून प्रत्येक वडी कागदातून हुंगायचे आणि शेवटी बिनवासाचा धुण्याचा साबण घेऊन निघायचे. दुकानदार कपाळाला हात लावायचा. मढ्यावरची चादर उचलायच्या आधीच "एंड्रिन" म्हणून मोकळे व्हायचे, आणि पोटात पिकावर फवारायचं ते विष हमखास निघायचं. माझ्या मदतनीस बाईंना एकदा चालता चालता म्हणाले, "बाई, दोन दिस उपाशी हायसा. का?" बाई रडायलाच लागल्या. दवाखान्यातला सगळ्यात स्वच्छ माणूस हाच होता, आणि चहाच्या टपरीवर यांचा ग्लास मात्र वेगळा, खिळ्याला टांगलेला. मी टपरीवाल्याशी भांडायला गेले तर मलाच अडवलं. "असू द्या. माजा गलास माजाच धुतलेला असतोय. तुमच्या गलासाची ग्यारंटी हाय का तुमास्नी?"

हे सगळं का, ते त्यांनी मला फक्त एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे पाठ करून, डबे मांडता मांडता. ते आसामात असताना धाकटा भाऊ उसाच्या गाडीखाली सापडून गेला. तार मिळून, रजा मिळून घरी पोचायला नऊ दिवस लागले. भावाला पोस्टमार्टमहून जाजमात गुंडाळून सरळ घाटावर नेलं होतं. चिरलेलं मढं घरी न्यायचं नाही, वास मारतं, अशी आमच्याकडची रीतच. आईला तोंड बघू दिलं नाही, पाणी घालू दिलं नाही.

"म्हातारी सा वर्सं जगली फुडं," ते म्हणाले. "भाकरी थापता थापता मधीच इचारायची, माज्या लेकराला आंगूळ घातली का रं कुनी? मी म्हनायचो, घातली की. तिला ठावं हुतं, मी खोटं बोलतोय."

त्यांचं आयुष्यात एकच मागणं होतं. आपल्या खोलीतून गेलेलं माणूस एकदा तरी घरी जावं, आईच्या हातची आंघोळ होऊन मग घाटावर जावं. आणि खरं सांगायचं तर तीन वर्षांत एकही गेलं नव्हतं. त्यांचं काम चोख होतं, वास औषधालाही नसायचा, पण लोक दारातच नाकाला पदर, उपरणं लावून उभे असायचे. वास येतोय की नाही हे बघायच्या भानगडीत कुणी पडतच नव्हतं. तिरडी चिंचेखालीच बांधायची आणि सरळ नदी. नायक हात पुसत बघत राहायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच बारीक टाक्यांनी शिवायचे. मीच एकदा वैतागून म्हटलं, "कशाला एवढं करता? शेवटी जळायचंच आहे." त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

पुढं माझी बदली सांगलीला झाली तोवर तालुक्यातली ती रीत मोडलेली होती. लोक खोलीच्या दाराशी येऊन नायकांना विचारायचे, "घरी न्हेऊ का?" आणि ते दरडावायचे, "मग? आय हाय न्हवं घरी?" ती रीत मोडली ती मात्र एका वैशाखातल्या बुधवारी.

आदल्या दिवशी सकाळी एका मुलीला विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचा शॉक बसला. बावीस वर्षांची, गावातच दिलेली. नवरा देवळालीला तोफखान्यात. माहेर दोन आळ्या सोडून, तिथं एकटी विधवा आई. आमच्याकडे आणलं तेव्हा सोबत नवऱ्याचे थोरले चुलते होते. पंचक्रोशीत त्यांचा शब्द चाले, आणि त्यांचं नाकही चाले. गुळाची ढेप नुसती हुंगून तिचा कस सांगायचे आणि अडते तो मान्य करायचे. त्यांच्या मागं ती आई, अनवाणी.

"चिरफाड झाली की हितनंच घाटावर," चुलते मला म्हणाले. "पोरगा येस्तवर उद्याचे चार वाजत्याल. उन्हाळा हाय. थांबता येनार न्हाई."

आई रडत नव्हती. ती माझ्याकडे बघतही नव्हती, ती नायकांकडे बघत होती.

"जावायाला तोंड दिसू द्या," ती म्हणाली. "आन मला तिला न्हाऊ घालू द्या. मी दुसरं काय मागत न्हाई."

माझ्या मागं डब्याचं झाकण वाजलं. नायक पुढं आले आणि टाचा जुळवून उभे राहिले.

"उद्या चार वाजता मी सोता घेऊन येतो. तुमच्या दारात. वास आला तर मी माज्या खांद्यावरनं घाटावर न्हेतो, आन पुन्ना ह्या खोलीत पाऊल टाकनार न्हाई."

चुलत्यांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "बग बाबा," एवढंच म्हणाले आणि गेले.

शीतपेटी वगैरे त्या काळी तालुक्याच्या ठिकाणी कुठली? मी माझं काम उरकलं आणि पोस्टात जाऊन सांगलीला तातडीचा ट्रंककॉल लावला. माझा नवरा कुपवाडला एका कारखान्यात होता. "बर्फाच्या आठ लाद्या? कुणाचं लग्न आहे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "काही विचारू नकोस, भुशात घालून पाठव." तो कारखान्याचा टेम्पो मागून स्वतःच घेऊन आला. बर्फ कशासाठी आहे हे कळल्यावर दहा मिनिटं चिंचेखाली बसून राहिला, मग उठून लाद्या उतरवायला लागला. त्या माणसाशी मी चाळीस वर्षं संसार केला, पण त्याच्या प्रेमात पडले ती तेव्हा.

बर्फ अंगाला लागू द्यायचा नाही, ओल लागली की संपलं, ही नायकांची सक्त ताकीद होती. घमेल्यांतून लाद्या टेबलाखाली आणि चहूबाजूंनी, खिडक्यांना ओली पोती, आत सगळं कोरडं. त्या दिवशी ते टाके घालायला बसले ते अडीच तास. मी रात्री घरी जाऊन झोपले, खोटं कशाला बोलू. ते मात्र खोलीतून हलले नाहीत. सकाळी मी गेले तर ते दाढी करून, धुतलेले कपडे घालून तयार.

"या," म्हणाले. "वास आला तर सांगा. आज भीड धरू नका."

मी पायापासून डोक्यापर्यंत हुंगत गेले. सावकाश. आला नाही. तरी दुपारी वाटेत काय होईल याची धाकधूक होतीच. टेम्पोत खाली उरलेला बर्फ आणि भुसा, वर फळ्या, वर ती. नायक तिच्या उशाशी बसले. मी नवऱ्याशेजारी पुढं. डॉक्टरनं जायचं काहीएक कारण नव्हतं, पण मला घरी बसवलं नसतं.

वेशीतच वीस-पंचवीस माणसं उभी होती, उपरणी नाकाला. घाटावर लाकडं रचून तयार होती. चुलत्यांनी हात आडवा केला.

"सरळ नदीला घ्या."

नायक खाली उतरले. "बोली दाराची हाय."

"आवं, गाव काय म्हनंल? घरात लेकरंबाळं हायती."

"गाव ऱ्हाऊ द्या. तुमी सांगा. गुळाचा कस तुमी सांगता, मग ह्यो बी तुमीच सांगा." नायकांनी टेम्पोचं फाळकं खाली पाडलं आणि चादर तोंडावरून काढली. "घ्या वास. जवळनं घ्या. आला तर मी न्हेतो नदीला."

पुढच्या बाजूला एसटीतून नुकताच उतरलेला तिचा नवरा उभा होता, हातात पत्र्याची ट्रंक तशीच. आई वेशीजवळच्याच तिच्या सासरघराच्या दारात होती, तिथून सगळं दिसत होतं. तिच्या पाठीशी तीन दगडांवर हंड्यात पाणी तापत होतं. तिनं सकाळपासूनच चूल पेटवली होती.

चुलत्यांनी नाकावरचं उपरणं काढून खांद्यावर टाकलं. टेम्पोच्या कडेला हात टेकून ते वाकले. आधी पायांशी, मग पोटाशी. पोटाशी फार वेळ थांबले. नायक समोर बघत, हात सरळ खाली सोडून उभे होते, अगदी परेडला उभे राहावं तसे. भर उन्हात त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, पण त्यांनी तो पुसला नाही. चुलते तिच्या केसांपर्यंत आले, पुन्हा मागं गेले, पुन्हा पोटाशी वाकले. मग ताठ उभे राहिले.

"न्हाई," ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं, "काय बी वास न्हाई. मागं सरा. पोरगी घरी चाललीया."

मला वाटतं मी टाळी वाजवली. मयताच्या ठिकाणी टाळी! माझ्या नवऱ्यानं माझा हात धरला, पण त्याचेही डोळे भरले होते. नायक त्या पोराकडे वळले आणि फौजेतल्या आवाजात म्हणाले, "जवान, ट्रंक ठेव खाली. डोक्याकडनं धर." दोघांनी तिला उचललं आणि वेशीतून, आळीतून, दारातून नेलं.

अंगणात पाटावर आईनं तिला मांडीशी टेकवून घेतलं. बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला. शिकेकाई तयार होती, आणि आई गरम पाण्यात हात घालून, गार पाणी मिसळून ते पुन्हा पुन्हा विसणत होती, तान्ह्या मुलाचं विसणतात तसं. केस धुऊन झाल्यावर तिनं त्या ओल्या केसांत तोंड खुपसलं आणि कितीतरी वेळ वर काढलं नाही. मग वर बघून म्हणाली,

"माज्या पोरीचाच वास हाय गं."

आणि तेव्हा कुठं ती रडली. पलीकडच्या ओट्यावर उभ्या असलेल्या बाया एकेक करून अंगणात आल्या. कुणी हिरवं लुगडं आणलं, कुणी ओटीचे तांदूळ. नेसवून, कुंकू लावून झाल्यावर आडोसा काढला आणि घरचे एकेक येऊन पायांवर पाणी घालू लागले. नवऱ्यानं घातलं, चुलत्यांनी घातलं. शेवटी आई तांब्या घेऊन उठली आणि फाटकाबाहेर, टेम्पोपाशी उभ्या असलेल्या नायकांकडे गेली.

"घाल रं पानी."

नायक मागं सरले. "आक्का, माजं हात तसल्या कामाचं."

"त्याच हातानं आली न्हवं ती घरी?" ती म्हणाली, आणि त्यांच्या मनगटाला धरून त्यांना आत घेऊन आली.

नायकांनी दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि तिच्या पायांवर पाणी घातलं. अंगणात सारं गाव दाटीनं उभं होतं, आणि एकाचंही नाक झाकलेलं नव्हतं.